आधी रक्त, मग मात्रा

“आधी रक्त, मग मात्रा,” असं वॉर्डातल्या डॉक्टरांना फोनवर सुनावून अक्का रिसीव्हर दाणकन आपटायच्या. गोळीला त्या मात्राच म्हणायच्या. गोळी आधी पोटात गेली, तर लॅबच्या बाटलीत घातलेल्या रक्तात जंतू वाढत नाही, मग तो ओळखायचा कसा? मराठी तंजावरची, हेल तमिळचा. समोरचा डॉक्टर तमिळ असला तरी रागाच्या भरात मराठीच बाहेर पडायचं, आणि त्याला ते बरोबर कळायचं.

अड्यारच्या आमच्या इस्पितळात जंतू तपासायच्या लॅबमध्ये त्या सगळ्यांत जुन्या. मी सांगलीहून नवऱ्याच्या बदलीपायी आलेली. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझी खरडपट्टी काढली. तापाच्या एका रोग्याच्या रक्तात स्ट्रेप्टोकोकस वाढला होता, तोंडात एरवीही राहणारा जंतू. नमुना घेताना बाहेरून मिसळला असेल, असं मी लिहून मोकळी झाले.

“अगे, तोंडात गप्प बसतो म्हणून गरीब समजू नको. रक्तात काय करतोय, ते विचार.”

आणि स्वतःच वॉर्डात जाऊन विचारून आल्या. रोग्याच्या हृदयाची झडप खराब होती, जंतू तिथेच बसला होता. महिन्याभराने तो रोगी चालत घरी गेला.

तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं, दुसऱ्याच्या तापाला धावणारी आणि स्वतःचा लपवणारी. मला त्यांची अजून चीड येते. लहानपणच्या सांधेतापाने अक्कांची स्वतःची झडप अधू झालेली. तरी तांबरमला घराजवळ दाढ काढायला गेल्या, तर दाढेच्या जखमेतून तोंडातला जंतू रक्तात उतरतो हे ठाऊक असून हृदयाबद्दल अवाक्षर काढलं नाही. का, तर दंतवैद्य हृदयाच्या डॉक्टरची चिठ्ठी मागेल आणि रजा फुकट जाईल! पुढे ताप येऊ लागला, तेव्हा घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेतल्या. उतरला, चढला, पुन्हा गोळ्या. मला कळलं तेव्हा मी त्यांच्यावर ओरडले. मी, त्यांच्यावर.

अक्का म्हणाल्या, “चुकलंच गे. आता बाटल्यांत काही यायचं नाही.”

त्यांना दाखल केलं, तीनदा रक्त घेतलं. सकाळी आल्याआल्या मी आधी त्या बाटल्या बघायचे. जंतू वाढू दे म्हणून देवाला हात जोडायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती, ती आली. कुठला जंतू ते कळलं असतं, तर डॉक्टरांना अंदाजाने औषधं द्यावी लागली नसती. बाटल्या स्वच्छच. चौथ्या दिवशी झडप फाटली, आणि ऑपरेशनला न्यायच्या आतच अक्का गेल्या.

आमच्याकडे पाच दिवस पाहिल्याशिवाय शेवटचा रिपोर्ट देत नाहीत. पाचव्या दिवशी मी तो लिहिला, ‘जंतूंची वाढ नाही’. खाली तपासणाऱ्याची सही लागते, ती नेहमी अक्का करायच्या. फाइल बंद करायची म्हणून वॉर्डातून दोनदा फोन आला. सही व्हायची आहे, एवढं सांगून मी दोन्ही वेळा फोन ठेवला.