हार घातलेला प्रोजेक्टर

इंदिरानगरात आमच्या वरच्या मजल्यावरचे कानडी गृहस्थ सगळ्यालाच 'स्वल्प', म्हणजे थोडंसं, म्हणत. कॉफी स्वल्प, ताप स्वल्प. त्यांनी सिंगापूरहून व्हिडिओ प्रोजेक्टर आणवला आणि थिएटरात लागलेला सिनेमा त्याच आठवड्यात आमच्या गच्चीवर दिसू लागला.

"सीडी चोरीची का हो?" मी विचारलं.

"स्वल्प," ते म्हणाले. मी पहिल्या रांगेत जाऊन बसलो.

कुणीतरी तक्रार केली. आयुधपूजेच्या दिवशी, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, आमच्यातलेच एक मराठी इन्स्पेक्टर मशीन जप्त करायला आले. गृहस्थांनी दार सताड उघडलं. प्रोजेक्टर पाटावर बसला होता, गळ्यात झेंडूचा हार, समोर उदबत्ती.

"न्या की सर. पण आज आयुध हलवत नाहीत. तुमची जीपपण पूजेलाच असेल."

इन्स्पेक्टर पायीच आले होते. त्यांनी बूट काढले, नमस्कार केला आणि चुरमुऱ्यांचा प्रसाद खात, उद्या येतो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, ते आले तेव्हा पाट रिकामा होता.

"मशीन कुठाय?"

गृहस्थांनी त्यांच्या हातावर आपट्याचं सोनं ठेवलं.

"सीमोल्लंघनाला गेलंय, सर. स्वल्प लांब."