साडूभाऊंची चिलटं

चावरं चिलट पाहून ज्याचा चेहरा जावई आल्यासारखा खुलतो, असा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. भोकरला एका कॉलेजात त्यांनी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर लोक काशीला निघतात, हे मेंढवाड्याकडे निघाले. त्यांचं लाडकं चिलट तिळाहून बारीक, रक्त पिणारं आणि साध्या मच्छरदाणीच्या भोकातून खुशाल आतबाहेर करणारं. म्हणून त्यांनी अक्कांच्या, म्हणजे माझ्या मेहुणीच्या, दोन वायलच्या साड्या कापून, आत शिरलेली चिलटं कोंडायला तंबू शिवला. अक्का आठ दिवस बोलल्या नाहीत. साडूभाऊंना ते नवव्या दिवशी कळलं.

मी एकदा संध्याकाळी लातूरहून गेलो, तर हे त्या तंबूत एका मेंढीशेजारी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, तोंडात रबरी नळी धरून बसलेले.

"साडूभाऊ, हे काय?"

"शूऽऽ! चिलटाची मादी बसलीय. पिऊ द्या तिला."

प्रकरण मात्र हसण्याचं नव्हतं. मेंढी गंगाबाई धनगरणीची होती. तिच्या मेंढरांची तोंडं सुजून जिभा निळ्या पडत होत्या, तीन दगावली होती. हा रोग चिलटांमुळे पसरतो, असं जनावरांचे डॉक्टर सांगून गेले होते. साडूभाऊंनी आधी दिवा, त्याखाली पंखा आणि पंख्याखाली बाटली असा सापळा टांगला. त्यात मेंढवाड्याभोवतीचे झाडून सगळे किडे पडले. "दिव्याला भुलणारं वेगळं, मेंढीला चावणारं वेगळं," असं म्हणून ते स्वतःच मेंढीजवळ जाऊन बसले. लोकरीवर बसलेलं चिलट नळीनं ओढून बाटलीत घ्यायचं. नळीत मध्ये जाळी असते. त्या दिवशी ती निसटली होती. साडूभाऊ खोकले, लालबुंद झाले आणि कळवळून म्हणाले, "गेला माझा नमुना!"

गंगाबाई तांब्या घेऊन धावली. "सर, लई झालं आता. भूक लागली तर भाकर मागा की!"

मग चिलटं कुठल्या चिखलातून उपजतात ते बघायला त्यांनी जागोजागच्या चिखलावर बारीक जाळीच्या टोपल्या पालथ्या घातल्या. पाणी पाजायच्या हौदाजवळची टोपली चिलटांनी भरली. हौद गळत होता. साडूभाऊंनी तो स्वतः उभं राहून दुरुस्त करून घेतला, मेंढवाडा वरच्या कोरड्या जागी हलवला. त्यानंतर एकही मेंढी गेली नाही.

"थंडीनंही थांबलं असेल," ते प्रामाणिकपणे म्हणाले.

"थंडीनं हौद लिंपला का सर?" गंगाबाईनं विचारलं.

हल्ली त्यांना नीट दिसत नाही. मी गेलो की ते सूक्ष्मदर्शक माझ्यापुढे सरकवतात आणि पंखावरच्या ठिपक्यांवरून चिलटाची जात ओळखायला डोळे मिटून बसतात. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. दिसेल ते सांगत जातो. पंख धुरकट आहे. कडेला पांढरा ठिपका. खाली आणखी दोन.

"सावकाश सांगा," साडूभाऊ म्हणतात. "घाई नाही आपल्याला."