झरवलीचा बदरगा

आमच्या खिंडीतला झरवली खासादार, म्हणजे फिरंग्याचा पगारी राखणदार, चालताना दिसला की नव्या माणसाला वाटावं, फिरंग्याचं अख्खं राज्य याच्याच खांद्यावर उभं आहे. बंदूक त्याच्या बापाची, चपला स्वतःच्या, खिशातला गूळ बायकोने बांधून दिलेला. सरकारची म्हणून एकच वस्तू, दंडावरची लाल पट्टी. पण तेवढ्या चिंधीवर तो असा फुगला होता की बैठकीत खाटेवर बसताना पट्टीचा हात मुद्दाम दाराच्या बाजूला ठेवायचा.

काम काय, तर टेकडीवर दिवसभर बसायचं आणि किल्ल्यातल्या पलटणीची खेचरं खालच्या रस्त्याने सुखरूप जाऊ द्यायची. किल्ला आमच्या डोंगरावर, पाणी आमच्या झऱ्याचं, आणि आमच्यापासून त्यांना सांभाळायला माणसंही आमचीच! आतले गोरे शिपाई दिवस मावळला की दार लावून घेत आणि बाहेर कोल्हा खोकला तरी तोफ डागत. झरवलीला मात्र त्यांच्या शौर्याचं भारी कौतुक.

वरच्या गावचा लालबाझ त्या किल्ल्यावर अधूनमधून गोळ्या झाडायचा. कप्तान वैतागला. त्याने झरवलीला बोलावून सांगितलं, ‘त्याला बोलणी करायला घेऊन ये. सुखरूप परत जाईल, माझा शब्द.’ झरवली तिथून निघाला तो थेट बैठकीत आला.

‘लालबाझला मी माझ्या बदरग्यावर नेतोय,’ त्याने छाती काढून सांगितलं.

आमचे मीरदाद काका हुक्का ओढत होते. ‘लेका, बदरगा म्हणजे काय ते त्या कप्तानाला ठाऊक आहे का?’

‘काका, त्याने माझा हात हातात घेऊन शब्द दिलाय.’

‘हात तो त्याच्या कुत्र्याच्या पाठीवरूनही फिरवतो.’

सगळे हसले. झरवली रागारागाने उठून गेला, पण ऐकलं नाही.

वरच्या गावात लालबाझच्या आईने, गुलमर्जानने, झरवलीला जेवू घातलं आणि मग विचारलं, ‘कुणाच्या बदरग्यावर नेतोस माझ्या पोराला?’

‘माझ्या, काकी. त्याला नुसतं खरचटलं तरी माझं नाव मातीत गेलं म्हणून समज.’

एवढं ऐकल्यावर तिने पुढे काही विचारलं नाही. आमच्याकडे विचारतही नाहीत. बदरगा देणारा पुढे चालतो आणि मागच्याचा जीव त्याच्या नावावर असतो. वैरीसुद्धा अशा वेळी बंदूक खाली करतो.

किल्ल्याच्या दाराशी झरवलीच्या सांगण्यावरून लालबाझने बंदूक खाली ठेवली, आणि लगेच त्याच्या हातात बेड्या पडल्या. झरवली ओरडला, ‘साहेब, हा माझ्या बदरग्यावर आलाय!’ मुन्शीने ते कप्तानाला समजावलं. कप्तान खूश झाला. त्याला वाटलं, बदरगा म्हणजे वाटाड्या. ‘शाबास, वाट चांगली दाखवलीस,’ म्हणाला, आणि वर आणखी एक पट्टी दिली. लालबाझ काळ्या पाण्यावर गेला. झरवली दोन पट्ट्या घेऊन घरी आला.

ज्याचा बदरगा मोडला, त्याने मोडणाऱ्याचा हिशेब चुकता करायचा, हे आमच्याकडे रांगतं मूलही जाणतं. सगळी खिंड वाट पाहत होती. झरवली म्हणाला, ‘कप्तान रजेवर गेलाय, येऊ दे.’ कप्तान आला. ‘बर्फ पडलाय, वितळू दे.’ बर्फ वितळला आणि कप्तानाची बदली झाली. तेव्हा हा शूर म्हणतो, ‘आता गोळी कुणावर झाडू?’ अरे, किल्ला काय कप्तान ट्रंकेत घालून घेऊन गेला होता? मला त्याची एवढी किळस आली की मी त्याच्या खाटेवर बसायचं सोडलं.

आमच्या वाटेवर कुणीही भेटो, अगदी परका उंटवालासुद्धा, त्याला ‘थकू नकोस’ म्हणायचं आणि त्याने ‘तुझे हाल न होवोत’ असं उत्तर द्यायचं. झरवली दिसला की सगळ्यांची तोंडं बंद व्हायला लागली.

मग त्याची मुलगी तोरपेकई लग्नाला आली. सासर पलीकडच्या खोऱ्यात, आणि वाट नेमकी लालबाझच्या गावाखालून. त्याच्या भावबंदांच्या बंदुका भरलेल्या होत्या. तरी झरवली व्याह्याला म्हणाला, ‘वरात मी माझ्या बदरग्यावर नेतो.’

व्याही पीरगुल म्हणाला, ‘तुझ्या बदरग्यावर गेलेला अजून घरी आलेला नाही.’

‘मग नव्या कप्तानाकडून शिपाई मागतो.’

‘पलटण घेऊन सून आणू? लोक विचारतील, लग्न केलंस की लढाई? राहू दे तुझी मुलगी तुझ्या घरी.’

लग्न मोडल्यातच जमा झालं. तोरपेकईने बापाशी बोलणं टाकलं. शेवटी तिची आई एकटीच वरच्या गावी गेली आणि गुलमर्जानच्या उंबऱ्यात पदर पसरून बसली. दुपारपर्यंत म्हातारीने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मग म्हणाली, ‘ऊठ. पोरीने माझं काय वाकडं केलंय?’

वरातीच्या दिवशी डोलीपुढे गुलमर्जान चालली. हातात काठी, डोक्यावर काळी चादर. वर कड्यावर तिचेच पुतणे बंदुका घेऊन बसलेले आम्हाला दिसत होते. एकानेही बोट हलवलं नाही. पीरगुल तिच्या मागून मान खाली घालून चालला होता.

टेकडीखाली झरवली रस्त्याच्या कडेला उभा होता. बंदूक खांद्याला, फेटा नवा. म्हातारी त्याच्यासमोर थांबली. आता थुंकणार, असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, तिने थुंकावं अशी माझी फार इच्छा होती.

‘थकू नकोस, झरवली,’ ती म्हणाली.

किती दिवसांनी त्याला हे कुणीतरी म्हटलं होतं. त्याचे ओठ हलले. उत्तर तर जन्मापासून पाठ असलेलं. पण ‘तुझे हाल न होवोत’ हे तिला कुठल्या तोंडाने म्हणणार? म्हातारी उत्तरासाठी थांबली. डोलीतून तोरपेकई पडदा सारून बापाकडे पाहत होती.

मग म्हातारीने काठी टेकली आणि पुढे निघाली. डोली वळणाआड गेली तरी झरवली तसाच तोंड उघडं ठेवून उभा होता, दंडावरच्या दोन्ही पट्ट्यांसकट.