आधी पिशवी उलटी करा!

औषधाच्या बाटलीला एक्सपायरी डेट असते, दवाखान्यातल्या किश्शांना नसते. नाशिक रोडला स्टेशनमागच्या कॉलनीत माझा आयुर्वेदाचा दवाखाना आहे. खोल्या दोनच, पण बाहेर एक लांबलचक बाकडं आहे आणि खरी ओपीडी तिथे चालते. माझ्याआधी पेशंटला तिथले लोक तपासतात, निदान करतात आणि औषधही सांगून मोकळे होतात! मी आपली नावाला आत बसलेली.

म्हणून मी एक नियम केला. पेशंट आत आला की आधी त्याची पिशवी टेबलावर उलटी करायची. कारण "बाकी काही घेता का?" असं विचारलं तर प्रत्येक जण "छे हो" म्हणतो. आणि पिशवीतून निघतं काय? जांभूळबियांची पूड, कारल्याचा रस, साडूने दिलेली बिनलेबलची बाटली! "हे काय?" म्हटलं की उत्तर तयार, "ते औषध नाही मॅडम, ते फळ आहे!"

हे वाक्य बाकड्यावर रुजवलं नानांनी. नाना मूळचे दिंडोरीचे, द्राक्षवाले. मळा आता धाकटा भाऊ बघतो, नाना आणि त्यांच्या पत्नी माई इथे मुलाकडे राहतात. नानांची शुगर जुनी आणि आता किडन्याही कुरकुरायला लागलेल्या. किडनीच्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, "जपलंत तर डायलिसिस टळेल." माईंनी ते ऐकलं आणि त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली. नानांनीही ऐकलं आणि बाकड्यावर येऊन बसले.

"फळानं काय व्हतंय मॅडम? झाडावर पिकतंय, फॅक्टरीत नाय!"

"नाना, धोत्र्याचं फळही झाडावरच येतं," मी म्हणायची.

"ते कोण खातंय!" नाना म्हणायचे आणि शेजारच्याला कारल्याचा रस सांगायचे.

* * *

त्या शेजारच्यांचं नाव भामरेकाका. नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले, अतिशय काटेकोर. शुगरची गोळी कधी चुकवली नाही. नानांनी कारल्याचा रस सांगितला, तो सुरू केला. बायकोने मेथीदाणे सांगितले, तेही सुरू. मग जांभूळबियांची पूड. मला कशाचाच पत्ता नाही! "चार जणांनी धक्का मारला की गाडी लवकर स्टार्ट होते," हा त्यांचा हिशेब.

शुगरची गाडी स्टार्ट झाली ती थेट उतारावर! बाजारात भाजी घेता घेता काका घामाघूम झाले, हात थरथरायला लागले आणि मटकन खाली बसले. भाजीवालीला वाटलं उन्हानं चक्कर आली. तिने शेजारच्या गाड्यावरून उसाचा रस आणून पाजला. काका पाच मिनिटांत टुणटुणीत!

उठले आणि तडक माझ्याकडे आले. मला वाटलं, आता कान पकडतील. कसलं काय! लालबुंद होऊन म्हणाले, "मॅडम, डायबेटिसच्या माणसाला उसाचा रस पाजला त्या बाईनं! काही जबाबदारी आहे की नाही?"

* * *

नानांचा पुतण्या सचिन. डोक्यावर एका जागी केस गेले होते, आपण त्याला चाई म्हणतो. रविवारी मुलगी बघायला जायचं ठरलेलं. नानांनी फोनवरच सांगून टाकलं, "बिब्बा उगाळून लाव."

बिब्बा! आम्ही वैद्यसुद्धा शोधन करून त्याचा दाह उतरवल्याशिवाय तो हातात घेत नाही. सचिनने नुसता लावला नाही, चांगला चोळला. रात्रीत डोकं, कपाळ, पापण्या सगळं असं सुजलं की डोळे उघडेनात! दवाखान्यात औषधपाणी झालं, पण सूज उतरायला वेळ लागणारच होता. आणि घरच्यांना वाटलं, दिलेली वेळ मोडायची कशी? तसाच हाताला धरून नेला त्याला! मुलगी आली, पोहे झाले, मुलीच्या मामांनी विचारलं, "काय पाव्हणं, मुलगी पसंत हाय का?"

सचिन म्हणाला, "आठ दिवसांनी सांगतो. डोळे उघडले की."

लग्न तिच्याशीच झालं! ती म्हणते, खोटं बोलणारा नाही एवढं मला तिथेच कळलं.

* * *

माझ्याकडच्या पुड्या कमलताई बांधतात. एकदा एका काकूंना जुलाब होत होते, त्यांना दाडिमाच्या, म्हणजे डाळिंबाच्या सालीची पूड दिली. एका आजोबांचं पोट साफ होत नव्हतं, त्यांना त्रिफळा. दोघंही पुड्या घेऊन रिक्षाची वाट बघत बाकड्यावर बसले. तिथे काकूंच्या लक्षात आलं की आजोबांची पुडी मोठी आहे. नानांनी लगेच निवाडा दिला, "दोन्ही फळंच हायेत. घ्या की बदलून!"

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा मुलगाच आला, कारण काकू घर सोडायच्या स्थितीत नव्हत्या. मागोमाग आजोबा आले, पोटावर हात ठेवून. मी नानांना जाब विचारला. नाना म्हणाले, "तरी मी म्हनलं व्हतं, अर्धी अर्धी करा!"

* * *

हसता हसता एक दिवस मात्र हे सगळं जिवावर बेतलं.

नाना आणि माई दिंडोरीहून सकाळच्या बसने थेट दवाखान्यात आले होते. नानांना उचकी लागली होती. साधी नव्हे, थांबतच नव्हती. बाकड्याला आयताच कार्यक्रम मिळाला!

"कोण आठवण काढतंय नाना?"

"विंचूरची तुमची बहीण असेल," माई म्हणाल्या. उचकी थांबली नाही.

"पुण्याची लेक?" नाही. "व्याही?" नाही. "जुनी कोणी मैत्रीण असेल!" भामरेकाका म्हणाले आणि सगळे खो खो हसले. नानाही हसले, पण हसणं तिरकं वाटलं मला. मी बाहेर आले.

"नाना, पिशवी?"

"घरी... घरी ऱ्हायली."

"कुठली घरी?" माई म्हणाल्या आणि वाकून बाकड्याखालची पिशवी ओढून काढली. मी ती तिथेच उलटी केली. पिवळीधमक करमळं घरंगळली! तेच फळ हो, आडवं कापलं की चांदणी दिसते, बाजारात स्टारफ्रूट म्हणतात. मळ्याच्या बांधावर नानांनी स्वतः लावलेलं झाड आहे त्याचं. सोबत कागदात मिठाची पुडी होती आणि खाल्लेल्या फळांचे तुकडे.

"किती खाल्लीत?"

"चार-पाच. किडनी साफ करतंय म्हनं. फळ हाय ओ..." आणि माईंकडे वळून म्हणाले, "शांते, पाणी दे."

शांता म्हणजे नानांची विंचूरची बहीण. माईंचा चेहरा पांढराफटक पडला.

धडधाकट माणसाने बेताने करमळ खाल्लं तर काही होत नाही. किडनी थकलेली असेल तर त्यातलं विष शरीराबाहेर पडत नाही, डोक्यात चढतं, आणि पहिली खूण म्हणजे न थांबणारी उचकी. मी कमलताईंना दवाखाना बंद करायला सांगितला, नानांच्या मुलाला आणि किडनीच्या डॉक्टरांना फोन केला आणि नाना-माईंना रिक्षात घालून हॉस्पिटलकडे निघाले. 

रिक्षात माई नानांचा हात धरून नावं घेत होत्या. काही झालं तरी एका नावाला उचकी थांबेल, एवढाच त्यांना आधार. भावकी संपली, सोयरे संपले, द्राक्षाचा व्यापारी झाला, कंडक्टर झाला. मग त्यांनी नानांच्या आईचं नाव घेतलं. त्या जाऊन कैक वर्षं झालेली.

नानांनी डोळे उघडले. "तिचं नगं... घेऊ. तिनं... बोलावलं म्हंजी?"

माई रडायला लागल्या. मीही रस्त्याकडे तोंड फिरवलं.

त्या दिवशी डायलिसिस करावंच लागलं, पण तेवढ्यापुरतं. "वेळेत आणलंत," डॉक्टर म्हणाले. उचकी रात्री थांबली. माईंनी तेव्हा कोणाचंच नाव घेतलेलं नव्हतं.

* * *

नाना आता बाकड्यावर असतात, पण पार बदललेत. नवा पेशंट आला की माझ्याआधी तेच म्हणतात, "पिशवी दाखवा!" सचिनच्या बायकोने मोसंबी आणली तरी वास घेऊन बघतात.

गेल्या आठवड्यात नाना-माई दोघं आले होते. बाकड्यावर माईंना उचकी लागली. एकच, साधी. भामरेकाका सवयीने म्हणाले, "कोण आठवण काढतंय माई?"

नाना ताडकन उठले. "आठवण गेली खड्ड्यात! आधी पिशवी उलटी कर!"

"अहो, काय हे चारचौघांत!" माईंनी पिशवी पोटाशी धरली. नानांनी ती ओढली, आत आणून माझ्या टेबलावर उलटी केली. नानांच्या गोळ्या, नानांचे रिपोर्ट, माईंची बीपीची गोळी, रुमाल. आणि एक छोटा डबा. नानांनी झाकण उघडलं. आत करमळाच्या फोडी, मस्त मीठ लावलेल्या!

बाकडं दारात गोळा झालं. 

माई माझ्याकडे वळल्या, डोळ्यांत पाणी आणि राग दोन्ही. "सांगा हो मॅडम यांना! माझ्या किडन्या चांगल्या आहेत की नाही? परवाच तपासल्यात ना? लहानपणापासून आवडतं मला हे. त्या दिवसानंतर यांच्यासमोर कधी खाल्लं नाही, वाटलं, जीव तुटेल यांचा."

"चांगल्या आहेत," मी म्हटलं. "एखादी फोड खायला हरकत नाही."

 नाना खुर्ची ओढून बसले, माईंचा रुमाल घेतला आणि एकेक फोड उचलून तिच्यावरचं मीठ पुसायला लागले. पुसलेली फोड माईंच्या हातावर ठेवायची, पुढची उचलायची.

"तुला बीपी हाय," ते म्हणाले. "खा आता."