स्वागत समिती नको म्हणणारी

एकाहत्तरच्या सुमारास श्रीरामपूरहून कोपरगावला जाताना एसटीत माझ्या शेजारी कॉलेजची एक मुलगी बसली होती. ती ओठांतल्या ओठांत काहीतरी पाठ करत होती. मधेच हात उंचावायची आणि लाजून खाली घ्यायची. न राहवून मी विचारलं. कॉमर्सच्या मुलांनी विद्यार्थी व्यापार मंडळ काढलं होतं आणि आज त्याचा अध्यक्ष निवडायचा होता.

"मुलींना नुसती स्वागत समिती देत्यात, बाई. मी अध्यक्षपदाला उभी राहनार हाय."

"निवडून येशील?"

"न्हाई वाटत. पन पुढच्या वर्षी मुलगी उभी राहिली तर कुनाला नवल वाटनार न्हाई."

कुतूहलापोटी मी तिच्यामागोमाग सभेला गेले. ती चांगली बोलली, तरी हरली. टाळ्या थांबल्यावर तिनं नव्या अध्यक्षाला विचारलं, "पुढची सभा कधी?"

त्याला सांगता येईना. मग तिनंच दिवस ठरवला.