फक्त जागा देणारे

माझी धाकटी बहीण चंद्रपूरजवळच्या मूल गावात एका राईस मिलच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायची. दोन स्थळांनी रंगावरून नकार दिला, तेव्हा तिनं एका मोठ्या वेबसाइटवरून गोरं होण्याची परदेशी क्रीम मागवली. मला काही सांगितलं नाही. मी ओरडले असते, हे तिला ठाऊक होतं.

काही महिन्यांत तिचे पाय सुजले, मग डोळे. आई म्हणायची, खाण्यात मीठ जास्त होतंय. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी लघवी तपासली आणि विचारलं, तोंडाला काय लावता? तिनं पर्समधून ट्यूब काढली. तपासणीत त्या क्रीममध्ये भरमसाट पारा निघाला. असली क्रीम या देशात आणायला आणि विकायला बंदी आहे. बहिणीच्या किडन्यांना इजा झाली होती.

मी वेबसाइटला लिहिलं. उत्तर आलं, विकणारा परदेशात आहे, त्याच्याशी बोला. त्याच्या पत्त्यावर धाडलेली नोटीस न उघडताच परत आली. आमच्या घरात कोणाचा पासपोर्टसुद्धा नाही, आणि आम्ही समुद्रापलीकडे जाऊन भांडायचं. मूलच्या बाजारात एखाद्यानं हीच ट्यूब विकली असती तर त्याच्या शटरला कधीच सील लागलं असतं.

आम्ही ग्राहक आयोगात केस टाकली. कंपनीचा वकील अगदी शांतपणे म्हणाला, "माझे पक्षकार फक्त जागा देतात. तिथं कोण काय विकतो, हे त्यांना कसं कळणार?"

माझं डोकं भणभणलं. पण मी तोंड उघडायच्या आत बहीण उठून उभी राहिली.

"साहेब, पैसे यायनंच घेतले. खोक्यावर नाव या कंपनीचंच होतं. एक ट्यूब संपत आली का दुसरी घ्या म्हणून मेसेजही हेच धाडत होते. मी तं दुसऱ्या कोणाले ओळखतच नाई."

निकाल आमच्या बाजूनं लागला. कंपनी जबाबदार आहे, उपचाराचा खर्च तिनं द्यावा, असा आदेश झाला. कंपनीनं नागपूरला अपील केलं आणि स्थगिती आणली. बहिणीची सूज उतरली, गोळ्या सुटल्या नाहीत.

मागच्या महिन्यात तीच क्रीम त्याच वेबसाइटवर नव्या नावानं दिसली. बहिणीनं त्याखाली, यात पारा असतो, असं लिहून आपल्या तेव्हाच्या सुजलेल्या चेहऱ्याचा फोटो टाकला. दुसऱ्याच दिवशी तो काढला गेला. नियमात बसत नाही म्हणे. म्हणजे आपल्या जागेत काय चाललंय ते यांना चांगलं दिसतं. विष तेवढं दिसत नाही. मी संतापून आमच्या वकीलबाईंना फोन केला आणि हेही अपिलात मांडायला सांगितलं.

बहीण तोवर पुन्हा मोबाइल घेऊन बसली होती. मी म्हटलं, परत काढतील.

"काढू दे, ताई," ती म्हणाली. "मी रोज लिहीन."