उष्टा अनारसा

माती खाणं आपल्या भाषेत फार वाईट समजतात. आमच्या चिखलबाई ती रोज खात, आणि वर मीठ कमी पडल्याची तक्रार करत.

गोंदियाच्या आमच्या शाळेतल्या बालवर्गाच्या त्या बाई. त्यांचं खरं नाव असणारच, पण आम्हाला त्याची कधी गरज पडली नाही. पाटी-पेन्सिल त्यांच्या वर्गात उगीच सोबतीला असे. सकाळी वर्गाच्या मधोमध मळलेल्या मातीचा मोठा गोळा ठेवलेला असे. ज्याने त्याने आपला वाटा उचलायचा आणि काहीतरी करायचं. कोणी भाकर केली की बाई तोडल्यासारखं करत, चावत, गिळत आणि वर पाणी पीत. वांग्याची भाजी केली तर बोटं चाटत. मध्येच थांबून विचारत, "काऊन रे, मीठ टाकाले इसरला काय?" मग करणारा खरोखर खजील होई आणि हवेतून चिमूटभर मीठ काढून टाकी. एका पोरीने एकदा भात जास्तीचा केला, तर बाईंना ढेकर आला. खरा.

"बनवला ना? मंग वापरून दाखव." हा त्यांचा कायदा. बैल केला तर जुंपायचा, जातं केलं तर दळायचं. एकाने साप केला, तर बाई स्टुलावर चढल्या त्या मधल्या सुट्टीपर्यंत उतरल्या नाहीत. आम्ही सर्वांनी मिळून तो काठीने मारला, तेव्हा उतरल्या. अंगणात आम्ही पाळ घालून छोटी बोडी, म्हणजे तळं, बांधली होती, धानाला पाणी द्यायला. पाळ फुटली आणि सगळं पाणी हेडमास्तरांच्या वर्गात शिरलं. ते पाण्यात चपला शोधत ओरडत आले. बाई म्हणाल्या, "मास्तर, पोरं बोलावूनही येत नाहीत. पानी सोताहून आलं, त्याची हजेरी लावा."

जी वस्तू मनास येई, ती उचलून बाई म्हणत, "हा खिडकीतला." रस्त्याकडच्या खिडकीत ती ओळीने मांडली जाई. त्याच रस्त्याने माझा बाप धानाच्या गिरणीवर पोती उचलायला जाई. तो रोज खिडकीपाशी थांबे, एकेक वस्तू पाही आणि संध्याकाळी मला विचारी, "तुहा कोनता रे त्यातला?"

माझा कोणताच नव्हता. माझा हात वाईट होता असं नाही, डोकं तापट होतं. बैलाचं शिंग वाकडं झालं की मी बैलाला बुक्की घाली. बाई त्या लगद्याकडे पाहून म्हणत, "आज याने शेण बनवलं. उद्या गौऱ्या थापू."

मग मी अनारशाचा ध्यास घेतला. आमच्या घरी अनारसे होत नसत. दिवाळीत हेडमास्तरांच्या घरून एक आला होता. तो खाण्याआधी मी अर्धी दुपार नुसता पाहत बसलो होतो, त्यामुळे मला त्याची जाळी पाठ होती. मी मातीची चकती थापली, तिला गवताच्या काडीने भोकं पाडली, खसखस म्हणून बारीक पांढरी वाळू दाबली, आणि वरून गुळाचं पाणी फिरवलं. उन्हात ठेवला तर थोड्या वेळाने त्याला मुंग्या लागल्या. मुंग्या फसल्या म्हटल्यावर मला दुसऱ्या कोणाच्या मताची गरज उरली नाही.

बाईंनी तो हातावर घेतला. पहिल्यांदाच त्यांनी खाऊन पाहिलं नाही. "हा खिडकीतला," त्या म्हणाल्या, आणि सुकायला म्हणून आपल्या टेबलावर पानात ठेवला.

नेमके त्याच दिवशी शाळा तपासायला डिप्टी साहेब आले. नागपूरकडचे, कोट-पगडीतले, जाडजूड गृहस्थ. खुर्चीत बसले, घाम पुसला, समोर पानावर अनारसा पाहिला. "हे कशाला, बाई," म्हणत त्यांनी मुंग्यांवर फुंकर मारली आणि अनारसा उचलला. बाई पाठमोऱ्या होऊन एका पोराचं नाक पुसत होत्या.

मी ओरडलो, "साहेब, थो खिडकीतला आहे!"

"खिडकीतला का असेना," साहेब म्हणाले, आणि चावले.

असा आवाज मी नंतर फक्त माझ्या भट्टीवर कवेलू, म्हणजे छपराचं कौल, फुटताना ऐकला आहे. बाई वळल्या. साहेबांचा गाल फुगलेला, मिशीला वाळू, आणि सगळा वर्ग त्यांच्या तोंडाकडे डोळे लावून बसलेला. बाईंनी सवयीने विचारलं, "गूळ बरोबर पडला ना, साहेब?"

साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. मग हळूहळू चावलं, गिळलं आणि म्हणाले, "छान झालाय." तांब्याभर पाणी पिऊन ते उठले ते थेट स्टेशनवर गेले.

उरलेला अर्धा मी उचलला. "बाई, ठेवा आता खिडकीत."

"उष्टा आहे थो. उष्टं कोनी मांडून ठेवते काय?"

"बाई, मातीचा आहे!"

"मातीचा? मंग साहेब खोटं बोलले काय?"

मातीचा म्हणावा तर अनारसा साधला नाही. अनारसा म्हणावा तर उष्टा. मी बोट दाखवलं, "गनपतच्या हत्तीची सोंड तुटली, थो कसा ठेवला?"

"हत्ती मोडला त मी त्याचा डुक्कर केला," बाई शांतपणे म्हणाल्या. "उष्ट्या अनारशाचं काय करू, सांग."

संध्याकाळी बापाने विचारलं, "तुहा कोनता?"

"माहा साहेबानं खाल्ला."

बाप इतका हसला की खाली बसला. दुसऱ्या दिवशी गिरणीवरच्या सगळ्या हमालांना हे माहीत होतं. पण मला ते नको होतं. मला खिडकी हवी होती.

पुढे मी कवेलूची भट्टी टाकली. भाव करताना भले भले व्यापारी माझ्यासमोर घाम पुसतात. पण कोणी माझा कवेलू हातात घेऊन तोंडाजवळ नेला की मला अजूनही धडकी भरते. आणि रात्रंदिवस मनात एकच: सोंडेशिवाय हत्ती चालतो, आणि माझा अनारसा चालत नाही!

बाई म्हाताऱ्या झाल्या. भाचा त्यांना कायमचं जबलपूरला न्यायला आला, तेव्हा मी अनारशांचा डबा घेऊन स्टेशनवर गेलो. निरोपाचं निमित्त होतं; मला तंटा मिटवायचा होता.

"बाई, थो अनारसा आठवते?"

"कोनता, उष्टा?"

"उष्टा नाही, मातीचा!"

"पाह्य, अजून भांडून राहिला," त्या भाच्याला म्हणाल्या. डब्यातला एक अनारसा त्यांनी काढला, उलटा केला, उजेडात धरला, नखाने जाळी खरवडली. "छान साधला रे. माती कुठची आनली?"

"बाई, खरा आहे. खा."

त्यांनी खाल्ला नाही. गाडीच्या खिडकीत, गजाला टेकवून उभा केला. "हा खिडकीतला," म्हणाल्या. शेजारची बाई म्हणाली, "खाने का नहीं है क्या, अम्मा?" "नहीं. मेरे लड़के ने बनाया है."

गाडी हलली. मी बाजूने धावत ओरडलो, "बाई, खरा आहे थो, खाऊन टाका!" त्यांनी हात हलवून उत्तर दिलं, "गूळ बरोबर आहे!"

त्या परत आल्या नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात भाच्याकडून निरोप आला. त्या दिवशी मी भट्टी पेटवली नाही. मातीपाशी बसून राहिलो.

पण एक गोष्ट सांगून ठेवतो. तो डबा माझ्या बायकोने भरून दिला होता. ती आजही चारचौघांत सांगते की बाईंनी तिचा अनारसा खिडकीत ठेवला. खरं आहे. तिचा ठेवला.

माझा अजून ठेवायचा आहे.